फुगडीचा एक फेरा: हाताने काढलेले ॲनिमेशन आणि संगणकावर घडवलेले ॲनिमेशन

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका मुलीने बारावीची परीक्षा संपल्यावर मला विचारले, “काका, ॲनिमेशन शिकायचं असेल तर आधी हाताने चित्रं काढायला शिकू, की सरळ कॉम्प्युटरवरच बसू?” अनेक वर्षे चित्रकला शिकवल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यामागे एकच समजूत असते, की हाताने काढणे ही जुनी आणि कष्टाची पद्धत, तर संगणक ही नवी आणि झटपट होणारी. ही समजूत अर्धीच खरी आहे. कष्ट दोन्हीकडे आहेत. ते केव्हा आणि कशावर करावे लागतात, एवढाच फरक आहे. तिच्या आईचा मंगळागौरीच्या खेळांचा गट असल्यामुळे मी उदाहरणादाखल फुगडी निवडली, आणि दोन बायकांच्या फुगडीचा एक फेरा दोन्ही पद्धतींनी कसा करावा लागेल ते तिला समजावून सांगितले. तेच येथे जरा विस्ताराने मांडतो.

आधी पायाभूत गोष्ट. पडद्यावर काहीही हलत नसते; स्थिर चित्रे एकापाठोपाठ एक येतात आणि आपला मेंदू त्यांतून हालचाल जुळवून घेतो. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी दाखवण्याची रीत आहे. म्हणजे दोन मिनिटांच्या छोट्या चित्रफितीसाठी २,८८० चौकटी लागतात. प्रत्यक्षात हाताने काम करणारे बरेचदा एकच चित्र लागोपाठ दोन चौकटींसाठी वापरतात, ज्याला या व्यवसायात ‘ऑन टूज’ म्हणतात. तसे केल्यास सेकंदाला १२ चित्रांत भागते आणि डोळ्यांना सहसा खटकत नाही. अगदी वेगवान हालचालीला मात्र पूर्ण २४ चित्रे काढावी लागतात, कारण एका चित्रातून दुसऱ्यात पडणारी उडी फार मोठी होते आणि मग आकृती सरकण्याऐवजी थरथरते.

येथे बडोदेकरांना थोडा अभिमान वाटावा अशी एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवन या संस्थेत शिकले होते. पुढे १९१२ मध्ये चित्रपटासाठी भांडवल उभे करण्याच्या खटपटीत असताना त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप वाढत असताना थोड्या थोड्या अंतराने त्याच्या चौकटी टिपून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. काही वर्षांनी आगपेटीतील काड्या एकेक चौकट सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. यांत हाताने काढलेले चित्र नव्हते आणि संगणक तर अस्तित्वातच नव्हता, तरीही हे ॲनिमेशनच्याच घरातले काम होते. एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत काय आणि किती बदलायचे हे माणसाने ठरवणे, हा या कलेचा गाभा आहे, आणि तो कागद असो वा पडदा, दोन्हीकडे सारखाच राहतो.

आता हाताची पद्धत पाहू. ॲनिमेटरच्या टेबलात खालून उजेड येणारी काच असते. तिला लाइटबॉक्स म्हणतात. कागदांना खालच्या किंवा वरच्या कडेला ठरावीक अंतरावर भोके पाडलेली असतात आणि ती टेबलावरच्या खुंट्यांच्या पट्टीत, म्हणजे पेग बारमध्ये, अडकवतात, जेणेकरून प्रत्येक कागद नेमका त्याच जागी बसावा. खालचे चित्र वरच्या कागदातून दिसत असल्यामुळे मागची रेघ पाहत पुढची रेघ ओढता येते. काम करताना चित्रे १, २, ३ अशी ओळीने काढत जाण्याची एक रीत आहे, आणि दुसरी, अधिक प्रचलित रीत म्हणजे आधी महत्त्वाच्या स्थितींची चित्रे, म्हणजे की-फ्रेम, काढायची आणि मग त्यांच्यामधली, म्हणजे इन-बिट्वीन, भरायची. मोठ्या स्टुडिओत की-फ्रेम मुख्य ॲनिमेटर काढत असे आणि मधली चित्रे सहायक भरत. कोणते चित्र किती चौकटी टिकेल हे एका आखलेल्या तक्त्यावर लिहिले जाते.

फुगडीचा फेरा साधारण एका सेकंदात पूर्ण होतो असे धरू. ऑन टूज काढायचे तर १२ चित्रे, म्हणजे प्रत्येक चित्रात दोघी ३० अंशांनी पुढे सरकलेल्या. ऐकायला सोपे आहे, पण त्या १२ चित्रांत एकच बाई समोरून, तिरपी, बाजूने, पुन्हा तिरपी आणि पाठमोरी अशी वेगवेगळ्या कोनांतून काढावी लागते, आणि प्रत्येक वेळी तिचे नाक तेवढेच, खांदे तेवढेच, उंची तेवढीच राहावी लागते. चेहरा दर चित्रात जवाभराने जरी लहानमोठा झाला, तरी चित्रे भरभर फिरवल्यावर ती बाई श्वास कोंडल्यासारखी फुगते आणि आक्रसते. हाताच्या ॲनिमेशनमध्ये सर्वांत अवघड जर काही असेल, तर ते स्वतःभोवती वळणारी आकृती. तिथे ॲनिमेटरला कागदावर काढत असताना डोक्यात शिल्प फिरवावे लागते.

यातच रंगाचा प्रश्न येतो, आणि तो नवशिक्यांच्या सहसा लक्षात येत नाही. लक्ष्मी विलास राजवाड्यातली राजा रविवर्म्याची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना साडीच्या जरीवरचा उजेड आणि निऱ्यांमधली सावली आठवत असेल. ती जर एका चित्रासाठी रंगवायची असेल तर चित्रकार तिच्यावर कित्येक दिवस घालवू शकतो. पण तीच जर सेकंदाला १२ वेळा, आणि प्रत्येक वेळी आधीच्या जरीशी जुळेल अशी रंगवायची असेल, तर माणूस हात टेकील. म्हणूनच हाताच्या ॲनिमेशनने सपाट रंग, ठळक बाह्यरेषा आणि मोजके तपशील यांची भाषा स्वीकारली. ती पुढे शैली म्हणून सर्वांच्या आवडीची झाली, पण तिचे मूळ श्रमाच्या हिशेबात आहे, असे माझे मत आहे.

श्रम वाचवण्याच्या युक्त्याही याच हिशेबातून निघाल्या. अमेरिकेतील विन्सर मॅके याने १९१४ मध्ये डायनोसॉरचा प्रसिद्ध लघुपट केला तेव्हा मागचे देखावेसुद्धा प्रत्येक कागदावर पुन्हा काढावे लागले. त्याच वर्षी अर्ल हर्ड याने पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांचे, म्हणजे ‘सेल’चे, पेटंट मागितले. आकृती पारदर्शक पत्र्यावर आणि देखावा खाली एकदाच रंगवलेला, अशी मांडणी झाल्यावर हलणाऱ्या गोष्टी तेवढ्या काढायच्या उरल्या. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात याच परंपरेतले शिक्षण १९५६ पासून सुरू झाले. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स तेव्हा भारतात आले होते आणि राम मोहन हे त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकी एक. विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनवर पाहत आमची पिढी वाढली, आणि तो हाताने काढलेला आहे हे कुणी सांगावे लागत नाही, रेघच सांगते.

संगणकाच्या त्रिमितीय पद्धतीत कामाचा सारा क्रमच उलटतो. चित्र काढण्याऐवजी येथे कळसूत्री बाहुली बनवायची असते. आधी बाईचे त्रिमितीय मॉडेल घडवायचे, म्हणजे अवकाशातल्या हजारो बिंदूंची जाळी विणून तिचा पृष्ठभाग तयार करायचा. १९७२ मध्ये युटा विद्यापीठात एड कॅटमल यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा नमुना करून त्यावर बहुभुज आखले आणि त्यांची मापे संगणकाला दिली. तो पडद्यावर वळणारा, बोटे मिटणारा हात आजच्या मॉडेलिंगचा पूर्वज म्हणता येईल. मॉडेल झाल्यावर त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवतात, ज्याला रिग म्हणतात, आणि कोणते हाड हलले की कातडीचा कोणता भाग किती ओढला जाईल हे ठरवतात. मग पृष्ठभागावर रंग, पोत, साडीची जर चढवायची, दिवे लावायचे, आणि कॅमेरा मांडायचा. इतके सगळे होईपर्यंत एकही चौकट हललेली नसते. माझ्या ओळखीची मुले याच टप्प्यावर कंटाळतात, कारण महिनाभर राबूनही दाखवायला फक्त दोन्ही हात आडवे पसरून उभा असलेला एक पुतळा असतो.

पण त्यानंतरचा हिशेब वेगळा होतो. फुगडीतल्या दोघींना एका अदृश्य अक्षाशी बांधून पहिल्या चौकटीला शून्य अंश आणि पंचविसाव्या चौकटीला ३६० अंश अशा दोन की-फ्रेम दिल्या, की मधल्या सगळ्या स्थिती संगणक गणिताने भरतो. हाताच्या पद्धतीतल्या सहायकाचे काम तो करतो, आणि पाठमोरी बाई काढताना त्याला अडखळायला होत नाही, कारण तो काढतच नाही. आधीच असलेली वस्तू दुसऱ्या बाजूने पाहतो. साडीची जरसुद्धा एकदाच रंगवावी लागते. दोघींऐवजी वीस जोड्या हव्या असल्या तरी प्रती काढून थोडा थोडा फरक केला की भागते. नवरात्रात बडोद्याच्या मैदानांवर गरब्याची रिंगणे फिरतात, तसे एखादे दृश्य हाताने काढायला बसणे म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणे होय. संगणकाला तेच दृश्य त्या मानाने पुष्कळ हलके जाते.

मात्र हे दोन की-फ्रेम देऊन जे तयार होते, ती फुगडी नसते. पहिली अडचण अशी, की संगणक दोन स्थितींमधले अंतर साधारणपणे सावकाश सुरू करून सावकाश संपवतो, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याच्या शेवटी दोघी जरा अडखळतात आणि पुन्हा वेग घेतात; हालचालीचा वेग दाखवणाऱ्या आलेखाच्या खिडकीत जाऊन तिथली वक्र रेषा सरळ करावी लागते. दुसरी अडचण बारीक, पण जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला चकवणारी आहे: शून्य अंश आणि ३६० अंश ही एकच स्थिती असल्यामुळे पंचविसावी चौकटही दाखवली तर तीच स्थिती लागोपाठ दोनदा येते आणि दर फेऱ्याला एक हिसका बसतो. म्हणून आवर्तन चोविसाव्या चौकटीलाच थांबवून पुन्हा पहिलीवर यावे लागते. हे दोन्ही दोष काढल्यावरसुद्धा दोघी कुंभाराच्या चाकावर ठेवल्यासारख्या गरगरतात. खरी फुगडी पाहिली तर पाय जवळ जवळ, चवड्यांवर भराभर छोटी पावले टाकणारे, अंग मागे झुकलेले आणि वजन एकमेकींच्या हातांवर तोललेले असते. एकीने हात सोडला तर दुसरी पडेल, हा ताण दिसला तरच ती फुगडी. तो ताण कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबून मिळत नाही. पाऊल न् पाऊल स्वतः बसवावे लागते, आणि त्यासाठी आधी फुगडी डोळे भरून पाहावी लागते.

कापडाची तर निराळीच कथा आहे. पदर आणि वेणी शरीरापेक्षा क्षणभर मागे राहतात, आणि शरीर थांबल्यावरही पुढे जातात. कागदावर हे ॲनिमेटर स्वतः ठरवतो आणि त्याला वाटेल तसा पदर फुलवतो. संगणकात पदराचे वजन, ताठपणा आणि हवेचा विरोध यांचे आकडे देऊन त्याची हालचाल गणिताने काढता येते, जिला सिम्युलेशन म्हणतात. आकडे जमले तर परिणाम थक्क करणारा असतो. जमले नाहीत तर साडी पायांतून आरपार जाते, किंवा पहिल्याच फेऱ्याला छताकडे उडते. ते दुरुस्त करत संपूर्ण दुपार घालवलेल्या माणसाला ‘संगणक सगळं आपोआप करतो’ असे म्हणून पाहावे.

आता उलट बाजू. फुगडीचा वेग इतका वाढला की दोघींची आकृतीच दिसेनाशी होऊन रंगीत भोवरा तेवढा उरला, आणि त्या भोवऱ्याचे कमळ उमलले, असे दाखवायचे आहे. कागदावर हे चार-पाच चित्रांत होऊ शकते, कारण पेन्सिलीला हाडे नसतात. चेहरा ताणून त्याची पट्टी करावी, पट्टीची पाकळी करावी, कुणी अडवत नाही. संगणकातल्या बाहुलीला मात्र सांगाडा आहे, ठरावीक बिंदू आहेत, आणि बाईचे कमळ व्हावे अशी तिची रचनाच नाही. ते करता येते, पण प्रत्येक अशा रूपांतरासाठी खास खटाटोप करावा लागतो. थोडक्यात, जे हाताला अवघड ते संगणकाला सोपे, आणि बरेचदा जे हाताला सोपे ते संगणकाला अवघड.

संगणकाच्या पद्धतीत शेवटी एक थांबण्याचा टप्पा असतो, त्याला रेंडरिंग म्हणतात: प्रत्येक चौकटीत प्रकाश कुठून कसा पडेल आणि कुठे परावर्तित होईल याचा हिशेब करून अंतिम चित्र तयार करणे. समजा, घरच्या संगणकाला एका चौकटीस दोन मिनिटे लागली, तर दहा सेकंदांच्या २४० चौकटींना आठ तास लागतील. १९९५ चा ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात १ लाख १४ हजारांहून अधिक चौकटी होत्या आणि काही चौकटींना कित्येक तास लागले होते. सकाळी उठून पाहावे आणि रात्रभर चाललेल्या कामात एक दिवा लावायचा राहून गेला आहे असे दिसावे, हा अनुभव या क्षेत्रातल्या बहुतेकांनी घेतलेला असतो.

एका गोंधळाचा निकाल येथेच लावायला हवा. संगणकावर केलेले सगळेच ॲनिमेशन वरच्या अर्थाने ‘संगणकाचे’ नसते. टॅब्लेटवर इलेक्ट्रॉनिक पेनने एकेक चौकट काढणारा माणूस हाताचेच ॲनिमेशन करत असतो. त्याचा कागद तेवढा बदललेला आहे. डिस्नेमध्ये १९९० च्या सुमारास सेल रंगवण्याचे काम संगणकाकडे गेले, तरी रेषा पेन्सिलीच्याच होत्या. याउलट, सपाट द्विमितीय आकृतीचे हात, पाय, मान वेगळे कापून त्यांना सांधे बसवून हलवणे, जसे पुष्कळ टीव्ही मालिकांत असते, ते दिसायला चित्र असले तरी स्वभावाने बाहुलीचेच काम आहे. तेव्हा साधन कोणते हे पाहण्याऐवजी प्रत्येक चौकट नव्याने काढली जाते, की एकदा घडवलेली वस्तू हलवली जाते, हे पाहिले तर घोळ होत नाही.

दोन्ही घरांत देवाणघेवाणही जुनी आहे. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये हाताच्या ॲनिमेशनची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली: दाबणे-ताणणे, हालचालीपूर्वीची तयारी, मागाहून येणारी हालचाल इत्यादी. १९८७ मध्ये जॉन लॅसेटर (‘टॉय स्टोरी’चे दिग्दर्शक) यांनी तीच तत्त्वे त्रिमितीय संगणकीय ॲनिमेशनला कशी लागू पडतात यावर निबंध लिहिला. उलट दिशेचे उदाहरण २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’चे, संगणक सेकंदाला २४ स्थिती सहज देऊ शकत असताना त्यात पात्रे अनेक ठिकाणी मुद्दाम ऑन टूज हलवली, कारण त्यातला ठसका निर्मात्यांना हवा होता.

मग सुरुवात कुठून करावी? माझे मत स्पष्ट आहे: पहिला महिना कागदावर. जाड वहीच्या कोपऱ्यात उसळणारा चेंडू काढावा, पाने फुरफुरवून पाहावीत, आणि चेंडू वर जाताना मंदावतो, खाली येताना वेग घेतो, हे चित्रांमधल्या अंतरांतून कसे दाखवायचे ते शिकावे. वर पोहोचताना चित्रे जवळ जवळ, खाली येताना लांब लांब. एवढी एक गोष्ट हातात बसली की संगणकाच्या आलेखातली वक्र रेषा वाचता येऊ लागते, अन्यथा ती नुसतीच वळणदार रेघ वाटते. खर्चही फार नाही. काचेच्या तुकड्याखाली दिवा ठेवला की लाइटबॉक्स होतो. फक्त पंखा बंद ठेवावा. माझे ३२ कागद एकदा वाऱ्याने उडाले, आणि त्यांवर क्रमांक घातलेले नव्हते.

त्यानंतर स्वभाव पाहावा. ज्याला रेघ ओढण्यातच सुख आहे त्याने टॅब्लेटकडे वळावे. क्रिटा, पेन्सिलटूडी आणि २०१६ पासून खुले झालेले ओपनटूंझ ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. ज्याला वस्तू घडवण्यात, यंत्र जुळवण्यात, सांधे बसवण्यात रस आहे, आणि ज्याचे चित्र बेताचे आहे, त्याने ब्लेंडर हे त्रिमितीय कामाचे सॉफ्टवेअर शिकावे. तेही मोफत आहे, आणि मोफत म्हणून दुय्यम नाही: ‘फ्लो’ हा लॅट्व्हियाचा चित्रपट ब्लेंडरमध्ये घडवला गेला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. चित्रकला येत नसेल तर त्रिमितीय ॲनिमेशन जमणारच नाही, हे खरे नाही. हालचाल पाहण्याची नजर मात्र दोन्हीकडे लागतेच, आणि ती सूरसागर तलावाच्या काठावर उडणाऱ्या कबुतरांकडे पाहून किंवा उत्तरायणात गच्चीवर ढील देणाऱ्या हाताकडे पाहून फुकट मिळते.

शेजारच्या मुलीने आईच्या गटाच्या सरावाचे मोबाइलवर चित्रीकरण केले आणि ते चौकट-चौकट थांबवत १२ चित्रे काढली. पहिल्या प्रयत्नात दोघींचे चेहरे फुगत-आक्रसत होते, ते दुसऱ्या वेळी बरेच सावरले. परवा ती कागद घेऊन आली तेव्हा फेरा नीट बसला होता. पण सातव्या चित्रात पाठमोऱ्या बाईचा पदर डाव्या खांद्याऐवजी उजव्या खांद्यावर गेला होता. ते एक चित्र ती पुन्हा काढते आहे.